नऊ मणी आणि एक बटण

मी एक जुनी मण्यांची पाटी आहे. माझी लाकडी चौकट एका कोपऱ्यात फुटली आहे आणि काळा दगड आता राखाडी दिसतो. चौकटीच्या वरच्या बाजूला एक तार आहे. तिच्यात नऊ मणी आहेत आणि एक तपकिरी बटण आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या पाटीवर तुमच्यापैकी कित्येकांनी पहिला 'ग' गिरवला असेल, मणी सरकवत एक ते दहा मोजले असतील. मीही थोडी वर्षं तेच काम केलं. नंतर मात्र माझ्या वाट्याला वेगळंच काम आलं. ते मी सांगते, कारण ते फारशा पाट्यांच्या नशिबी येत नाही.

माझा दगड दक्षिणेकडच्या खाणीतला. चौकट मिळाली ती विठ्ठलवाडी स्टेशनच्या मागच्या एका छोट्या कारखान्यात. गोविंदा नावाचा सुतार तिथे दिवसभर पाट्यांना चौकटी ठोकायचा. त्यानेच माझ्या तारेत पाच लाल आणि पाच निळे मणी ओवले आणि तार दोन चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, पक्की केली. १९८० सालच्या जून महिन्यात डोंबिवलीच्या एका दुकानातून उत्तरा गुप्ते यांनी मला त्यांच्या लेकीसाठी घेतलं. लेकीचं नाव शालन. ती तेव्हा पाच वर्षांची होती आणि हाती लागेल ते चावून बघायची. पहिल्याच महिन्यात तिने माझा एक निळा मणी दाताने फोडला आणि मोठ्याने रडली. तिच्या बाबांनी चूक उपसली, तार मोकळी केली आणि जुन्या कोटाचं एक बटण ओवून दिलं. "झाले की नाही परत दहा?" ते म्हणाले. शालनने मोजून पाहिले आणि तिचं रडणं थांबलं.

ती तिसरीत गेली तेव्हा तिच्या हातात वही आली आणि मी माळ्यावर गेले. तिथे सात वर्षं काढली. त्याबद्दल तक्रार नाही. पाट्यांचं असंच असतं.

उत्तराताई ठाण्याला, खोपटच्या एसटी डेपोजवळच्या एका धर्मादाय रुग्णालयात समाजसेविका होत्या. दर मंगळवारी तिथे कॅन्सरच्या रोग्यांची तपासणी असायची. मुरबाड, शहापूर, भिवंडीकडून माणसं एसटीने यायची. ऑपरेशन आणि शेक मुंबईच्या मोठ्या इस्पितळात व्हायचे. शेक म्हणजे गाठीवर किरण सोडायचे. बाकी मलमपट्टी, वजन, रक्त आणि पुढची तपासणी ठाण्यात. गाठ किती लहान झाली हे डॉक्टर बघायचे. माणसाचं मन कसं आहे हे बघायचं काम उत्तराताईंचं.

१९९० साली त्या मुंबईला तीन दिवसांचं शिक्षण घेऊन आल्या आणि येताना एक छापील फॉर्म घेऊन आल्या. त्यात तीस प्रश्न होते. 'गेल्या आठवड्यात आपणास खिन्नता जाणवली काय? मुळीच नाही, थोडी, बरीच, अतिशय.' असे सगळे. रोग्याचं जगणं कसं चाललं आहे, औषधापलीकडे त्याला काय टोचतं आहे, हे त्यातून कळावं अशी अपेक्षा होती. ताईंना तो फॉर्म फार आवडला होता. पण दोन महिन्यांत शंभर फॉर्म भरले आणि त्यातले नव्वद सारखेच निघाले. सगळ्यांचं सगळं बरं होतं.

हे मला कसं कळलं? एका रविवारी ताईंनी माळा झाडायला काढला. मी खाली आले. शालन आता दहावीत होती. तिने मला ओळखलं आणि हसली. ताई मात्र मला मांडीवर घेऊन नुसत्याच बसल्या. बोटाने एक मणी इकडे, एक मणी तिकडे करत होत्या.

"आई, लक्ष कुठे आहे तुझं?" शालनने विचारलं.

"आमच्याकडे भागीरथीबाई म्हणून येतात. खाडीवरच्या कोळीवाड्यातल्या. गालाचा कॅन्सर आहे. गाठ उतरतेय, तोंड उघडतंय, गिळता येतंय. तरी महिन्यात तीन किलो वजन उतरलं. फॉर्ममध्ये विचारलं तर तिसांच्या तीस उत्तरांत त्या सुखी."

"मग तुला काळजी कसली?"

"काही नाही गं. आहे थोडी."

"थोडी म्हणजे किती?" शालनने माझ्याकडे बोट दाखवलं. "सरकव बघू."

ताईंनी गंमत म्हणून चार मणी सरकवले. मग त्या चार मण्यांकडे बघतच राहिल्या. तोंडाने 'थोडी' म्हणाल्या होत्या, पण बोटांनी चार मोजले होते. दोन दिवसांनी, मंगळवारी, मी त्यांच्या पिशवीतून ठाण्याला गेले.

भागीरथीबाई तेव्हा साठीच्या होत्या. हिरवं लुगडं, अंगाने बारीक, गालाला पट्टी. आयुष्यभर टोपली डोक्यावर घेऊन मासळी विकलेली बाई. लिहिणं-वाचणं येत नव्हतं, पण मोजणं कुणी त्यांना शिकवायला नको होतं. त्या स्टुलावर बसल्या आणि विचारायच्या आधीच म्हणाल्या, "बरी हाय मी. मना काय झायला?"

ताईंनी फॉर्म काढलाच नाही. मला टेबलावर ठेवलं. "मावशी, आज बोलायचं काही नाही. हे मणी म्हणजे मनावरचं ओझं समजा. काहीच ओझं नसेल तर एकही हलवू नका. अगदी जगणं नकोसं झालं असेल तर या बटणापर्यंत सगळे सरकवा. मधलं असेल तर मधे थांबा."

माझ्या मण्यांवर तोवर फक्त लहान मुलीची बोटं फिरली होती. ती बोटं चिकट असायची. ही बोटं खरखरीत होती आणि त्यांना मासळीचा पुसटसा वास होता. त्यांनी एक मणी सरकवला. मग दुसरा. घाई अजिबात नव्हती. पाच झाले, सहा झाले. नऊही मणी पलीकडे गेले आणि बोट बटणावर येऊन टेकलं. ते तिथेच राहिलं. बटण हललं नाही, पण बोटही उठलं नाही.

ताईंनी स्टूल जवळ ओढलं. बाहेर कुणाचं तरी नाव पुकारलं जात होतं. तिथल्या आयाबाईंना सांगून ताईंनी दोन कप चहा मागवला. चहावर साय धरली तेव्हा भागीरथीबाई बोलल्या.

"मी आता शेकाला जानार नाय, बाय."

"बारा शेक राहिलेत मावशी. का नाही जाणार?"

"कोनासाठी जाऊ? माजा ताट येगला केलाय घरात. वाटी येगली, तांब्या येगला. सून गरम पान्यान धुते, हात लावाला घाबरते. तीन महिने मी कोपऱ्यात बसून जेवतंय. नात जवल आली तं मीच तिला हाकलतंय. मना झाला तो तिला नको व्हाला."

ताईंनी पुढच्या मंगळवारी मुलगा आणि सून यांना बोलावलं. डॉक्टर कुवळेकरांनाही दहा मिनिटं मागितली. डॉक्टर मोठे हुशार, पण घाईचे. मला पाहून म्हणाले, "गुप्तेबाई, हे शाळेतलं खेळणं कशाला आणलंत? तुमच्याकडे चांगला फॉर्म आहे की."

"सर, फॉर्मवर या बाई सुखी आहेत. पाटीवर मात्र शेक अर्ध्यावर सोडायला निघाल्यात. तुम्ही एकदा बसा फक्त."

डॉक्टर बसले. गोमाजी म्हणजे भागीरथीबाईंचा मुलगा भिंतीला टेकून उभा राहिला. सून मंजुळा पदर घट्ट धरून बसली. ताईंनी कुणाला दोष दिला नाही. एवढंच विचारलं, "मंजुळा, सासूबाईंची भांडी वेगळी का ठेवतेस?"

मंजुळा गोंधळली. "डॉक्टरांनीच सांगितला ना? तोंडात जखम हाय, जंतू जाऊ देऊ नका, भांडी साफ पायजेत. म्हनून मी आयेची भांडी येगली काढून उकलत्या पान्यान धुते. आमच्या खरकट्याचा त्यांना काय लागू नये."

भागीरथीबाई सुनेकडे बघत होत्या.

"तुमचा मना लागू नये म्हनून?" त्यांनी हळूच विचारलं.

"मग काय तुमचा आमाला?" मंजुळाच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमी कोपऱ्यात जाऊन बसल्या. मी म्हटला, तोंड दुखताना लोकांसमोर जेवाला लाज वाटत असल. मी पन काय विचारला नाय."

"आमाला वाटला तिला एकटीलाच बरा वाटतं," गोमाजी जमिनीकडे बघत म्हणाला.

डॉक्टर कुवळेकर पुढे वाकले. "मावशी, नीट ऐका. हा आजार ताटातून होत नाही. शेजारी जेवून होत नाही, नातीला कुशीत घेऊन होत नाही. भांडी साफ ठेवायला मी सांगितलं ते तुमच्या जखमेसाठी. नीट समजावून सांगायला मीच कमी पडलो."

मंजुळा डोळे पुसून उठली. "आता मी सगल्यांचीच भांडी एका टोपात उकलीन. मग कोनाचा ताट कोनता, कलनारच नाय."

भागीरथीबाईंनी बाराही शेक घेतले. पुढच्या महिन्यात वजनाचा काटा वर सरकला. त्या दिवशी त्यांनी माझे तीनच मणी सरकवले. ताईंनी विचारलं, "हे तीन कशाचे?"

"दोन गाल दुखतो त्याचे. आन एक सुकट खाता येत नाय त्याचा."

डॉक्टर मोठ्याने हसले. पण त्या दिवसापासून रोगी आत आला की वजनाबरोबर ते विचारू लागले, "मणी किती?" ताईंच्या वहीत ताप, वजन आणि मणी असे तीन आकडे शेजारी शेजारी बसले. बाकावर बसलेली माणसं आपसात बोलायची, "मागच्या खेपेला पार बटणाला टेकलेलो, आज चारवर आहे." मला फार बरं वाटायचं. कौतुक कुणाला आवडत नाही? एखाद्या बाईने पदराने माझी चौकट पुसली की मला उगीचच नवी झाल्यासारखं वाटे.

आणि मित्रांनो, तेव्हाच माझ्याकडून एक चूक झाली. माझ्याकडून म्हणजे माझ्यावर भरवसा ठेवून.

१९९३ सालची गोष्ट. दगडू नावाचा एक कामगार शहाडहून यायचा. चाळिशीचा, उंच, छातीने भरलेला. कारखान्यात कामाला होता, पण त्याची ओळख दुसरीच होती. शहाड, उल्हासनगर, कल्याणला कुठेही कबड्डीचे सामने असले की लाउडस्पीकरवर दगडू. 'पकड झालीऽऽ' असं तो म्हणाला की मैदानाबाहेरची माणसंही थांबायची, असं त्याची बायको रखमाबाई अभिमानाने सांगायची. त्याच दगडूच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन ठरलं होतं.

त्या मंगळवारी साठ रोगी होते आणि ताई एकट्या. दगडूने मला पुढ्यात घेतलं आणि झटकन आठ मणी सरकवले. ताईंनी वहीत आठ लिहिले. बाहेर एका रोग्याला भोवळ आली म्हणून हाका आल्या. "पुढच्या वेळी नीट बोलू हं," असं म्हणून त्या उठल्या. दगडूने मान हलवली आणि तो गेला.

पुढच्या वेळी तो आलाच नाही. त्याच्या पुढच्या वेळीही नाही. तिसऱ्या आठवड्यात वही चाळताना तो आठचा आकडा ताईंना दिसला आणि त्यांनी कपाळाला हात लावला. पोस्टकार्ड टाकलं, उत्तर नाही. मग एके दिवशी सुट्टी काढून त्या स्वतः शहाडला गेल्या. रखमाबाईने सांगितलं, ते गावी भावाकडे जाऊन बसलेत, ऑपरेशनचं नाव काढू देत नाहीत. ताईंनी तिथेच तिच्या घरात बसून भलं मोठं पत्र लिहिलं आणि तिच्या भावाबरोबर गावी पाठवलं. त्यात काय लिहिलं होतं मला ठाऊक नाही. पण आणखी एका महिन्याने दगडू आला.

ऑपरेशन झालं. गाठ गेली, दगडू वाचला. आवाज मात्र गेला. तो जाणारच आहे हे त्याला आधीपासून ठाऊक होतं. तीच तर भीती होती.

ऑपरेशननंतर तो पहिल्यांदा आला त्या दिवशी ताईंनी मला नेहमीप्रमाणे पुढ्यात ठेवलं. दगडूने मण्यांना हात लावला नाही. त्याने खिशातून पाटीवरची पेन्सिल काढली. शालननंतर इतक्या वर्षांत माझ्या दगडावर कुणी काही लिहिलं नव्हतं. त्याने सावकाश लिहिलं, 'त्या दिवशी विचारलं असतं तर सांगितलं असतं.'

ताईंनी ते वाचलं. "चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. दगडूने मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्याने मला उचललं, बाहीने पुसलं आणि खाली दुसरी ओळ लिहिली, 'आता विचारा.'

त्या दिवशी दोघं तासभर बोलले. ताई तोंडाने आणि दगडू पेन्सिलीने. मी अकरा वेळा पुसली गेले.

त्यानंतर ताईंनी नियम केला. चारच्या पुढे मणी गेले की आकडा आधी लिहायचा नाही. आधी बसायचं, ऐकायचं, मग लिहायचं. डॉक्टरांनी पडदा लावून एक कोपरा दिला आणि मदतीला एक परिचारिकाही दिली. खरं सांगायचं तर मला तेव्हा कळलं की मणी सरकले म्हणजे काम झालं असं नाही. मी नुसती दाराची कडी. दार उघडून आत जायला माणूसच लागतो.

दगडूचं पुढे काय झालं? तो कबड्डीच्या मैदानावर परत गेला. आता टेबलाशी बसून गुण लिहितो. रखमाबाई सांगते, त्याच्या फळ्याकडे बघितल्याशिवाय पंचसुद्धा शिट्टी वाजवत नाही. घशाच्या ऑपरेशनला घाबरलेला कुणी रोगी आला की रुग्णालयातून दगडूला निरोप जातो. तो स्वतःची पाटी घेऊन येतो आणि त्याच्या शेजारी बसतो. त्याची पाटी नवी आहे, प्लास्टिकची आहे. मला तिचा हेवा वाटत नाही. थोडासा वाटतो.

पुढे १९९६ साली रुग्णालयाला रंग दिला गेला. नवी टेबलं आली, नवे छापील फॉर्म आले. कुठलीशी समिती पाहणीला येणार होती. "लहान मुलांची फुटकी पाटी टेबलावर बरी दिसत नाही," असं कुणीतरी म्हणालं आणि मला कपाटात बँडेजच्या खोक्यांमागे ठेवण्यात आलं. माझी चौकट फुटली ती त्याच गडबडीत. ताईंनी दोनदा विचारलं, "पाटी कुठे गेली?" कुणालाच आठवेना. अंधारात औषधांचा वास घेत मी दोन वर्षं पडून राहिले. माळ्यावरची सात वर्षं मला जड गेली नव्हती. ही दोन गेली. बाहेर मंगळवारची माणसं बोलत असत आणि मी आत ऐकत असे. "कसं आहे?" "बरं आहे." "कसं आहे?" "बरं आहे."

मग कलावती आली. नुकतीच शिकून आलेली, ताईंच्या हाताखाली. महिनाभर तिने मन लावून फॉर्म भरले आणि एक दिवस तो गठ्ठा ताईंसमोर ठेवला. "ताई, हे सगळे जर इतके बरे आहेत, तर मग बाकावर बसून रडतात ते कोण?"

ताई हसल्या. मग उठल्या आणि स्वतः एकेक कपाट उपसू लागल्या. खोके बाजूला झाले आणि माझ्यावर उजेड पडला. ताईंनी माझी फुटलेली कड दोऱ्याने गुंडाळून बांधली, मणी एकदा पलीकडे नेले, एकदा अलीकडे आणले. "चालते अजून," त्या म्हणाल्या. फॉर्म त्यांनी फेकला नाही. आता आधी मी आणि मग फॉर्म. माझ्यानंतर विचारलं की त्या तीस प्रश्नांनाही खरी उत्तरं येतात.

गेल्या वर्षी उत्तराताई निवृत्त झाल्या. शालन त्यांना न्यायला आली होती. तिला आता स्वतःची मुलगी आहे. "आई, पाटी घरी नेऊ या ना," ती म्हणाली. ताईंनी मान हलवली. "तिला इथे काम आहे." हे ऐकून मला काय वाटलं ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत. दगडावर लिहिता आलं असतं तर लिहिलं असतं.

भागीरथीबाई वर्षातून एकदा तपासणीला येतात. नात बरोबर असते, डॉक्टरांसाठी सुकटीची पुडी असते. मण्यांकडे त्या आता बघतही नाहीत, सरळ गप्पाच मारत बसतात.

तर मित्रांनो, मी जुनी झाले आहे, पण समाधानी आहे. तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. तुमच्या घरात, शेजारात कुणी आजारी असेल तर औषधाची वेळ पाळाच, पण त्याच्याजवळ बसाही. 'कसं वाटतंय?' असं विचारलंत की 'बरं आहे' असं उत्तर येईल. ते खोटं असेलच असं नाही, पण बहुतेक वेळा अर्धंच असतं. लगेच उठू नका. चहावर साय धरेपर्यंत थांबा. आणि ताट वेगळं दिसलं तर का वेगळं आहे, ते विचारा. विचारायला कुठलीच पाटी लागत नाही.

आज मंगळवार आहे. विठ्ठलवाडीहून तुळसा नावाची एक बाई पहिल्यांदाच आली आहे. आल्या आल्या तिने सांगितलं की तिचं सगळं बरं आहे. कलावतीने मला तिच्या पुढ्यात ठेवलं. तुळसाने सहा मणी सरकवले, इकडे तिकडे पाहिलं आणि सातव्यावर बोट ठेवलं. कलावतीने पेनाला टोपण लावलं, वही मिटली आणि स्टूल जवळ ओढलं.

आता तुम्हीही जरा गप्प बसा, मित्रांनो. ती बोलणार आहे.